बडोद्यात नवीन आलात? वादळी पावसाचा पाच-सात दिवसांचा अंदाज कसा वाचायचा आणि त्यावरून काय करायचं

26 ऑगस्ट 2024, जन्माष्टमीचा दिवस. सकाळपासून नुसता कोसळत होता. आम्ही तेव्हा समा भागात तळमजल्यावर राहायचो. दुसऱ्या दिवशी पावसाचा जोर ओसरला, सोसायटीतली मंडळी छत्र्या मिटून गेटपाशी गप्पा मारायला लागली, मीही सासूबाईंना म्हटलं की सुटलो आता. आणि त्या रात्री पाणी आलं. गेटमधून आलंच नाही, बाथरूमच्या मोरीतून वर आलं, आधी गुडगुड असा आवाज, मग मोरीच्या जाळीवर काळं पाणी, मग पॅसेज. तुळशीवृंदावनाची एकेक पायरी मोजत आम्ही रात्र काढली, पहाटेपर्यंत तिसरी पायरी बुडली होती. विश्वामित्री नदी त्या दोन दिवसांत 35 फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी आहे 26 फूट.

वाईट कशाचं वाटतं सांगू, अंदाज आलेला होता, आधीपासून आलेला होता. मी फोनवर रोज बघतही होते, पण फक्त "वडोदरा" टाकून ढगाचं चित्र बघायचं आणि फोन ठेवायचा एवढंच. अंदाज वाचायचा कसा हे मला येत नव्हतं. त्यानंतर दोन पावसाळे मी हे नीट शिकून घेतलं आणि आता नोकरीसाठी, लग्न होऊन किंवा एमएस युनिव्हर्सिटीत शिकायला जे कोणी मराठी लोक इकडे नवीन येतात त्यांना प्रत्येकाला हेच सांगत असते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं.

1. आधी पाणी कुठून येतं ते समजून घ्या

अॅप डाउनलोड करायच्या आधी हे करा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, म्हणजे पंचमहाल जिल्ह्यात, आपल्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर. मध्ये आजवा सरोवर आहे, सयाजीराव महाराजांनी शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. तिथून खाली ती वेड्यावाकड्या वळणांनी शहराच्या बरोबर मधून जाते, समा, फतेहगंज, काळाघोडा, सयाजीगंज, अकोटा, मुजमहुडा, पुढे जाऊन ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंबातच्या आखाताला. उतार फार कमी आहे त्यामुळे पाणी वर चढतं भराभर पण उतरायला वेळ लावतं, त्यात ढाढरलाही पूर असेल तर आपलं पाणी पुढे सरकतच नाही.

याचा अर्थ असा की तुमच्या डोक्यावर ऊन पडलेलं असलं तरी हालोल, वाघोडिया, पावागडला धो धो पडत असेल तर काही तासांनी तुमच्या सोसायटीत पाणी येऊ शकतं. बडोद्यात अंदाज बघताना एकट्या वडोदरा जिल्ह्याचा कधीच बघायचा नाही, पंचमहाल आणि छोटा उदेपूर हे दोन्ही बघायचे. मला या सगळ्यातली एकच गोष्ट सांगायला दिली असती तर मी हीच सांगितली असती.

घर बघत असाल तर ब्रोकरला विचारू नका, शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा की 2019 ला आणि 2024 ला इथे पाणी कुठपर्यंत आलेलं. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात जवळजवळ 20 इंच पडला होता, तेव्हा ज्या गल्ल्या बुडाल्या त्यातल्या बऱ्याच 2024 लाही बुडाल्या. दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो, एवढं नक्की माहीत असतं त्याला.

2. फोनमध्ये काय काय पाहिजे

फार नाही, चार गोष्टी पुरतात.

- मौसम अॅप, हवामान खात्याचं. यात जिल्ह्याचा इशारा, नाऊकास्ट (पुढच्या तीन तासांचा इशारा), रडार असं सगळं आहे.
- दामिनी अॅप, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेलं, विजेसाठी. तुमच्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते दाखवतं. लोकेशन चालू ठेवावं लागतं.
- सचेत अॅप, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. इशारे आपोआप येतात, भाषा निवडता येते.
- हवामान खात्याच्या अहमदाबाद केंद्राचं बुलेटिन, साइटवर पीडीएफ मिळतं, त्यात गुजरातचा जिल्हावार सात दिवसांचा तक्ता असतो. हे बघायची सवय लावा, बाकी सगळं याच्यावरच चालतं.

विंडीसारखी अॅप्स मीही बघते, ढगांची चाल कळते, पण तिथे एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून "गुरुवारी चार वाजता 38 मिलिमीटर" असं जे दिसतं ते त्या ठिपक्यापुरतं खरं धरू नका. मॉडेल बदललं की तोच आकडा 6 होतो नाहीतर 90. पट्टा कुठून कुठे सरकतोय तेवढं त्यातून घ्यायचं.

नंबर सेव्ह करा: जिल्हा आपत्ती कंट्रोल रूम 1077, राज्याची 1070, सगळ्यासाठी 112, अॅम्ब्युलन्स 108, फायर ब्रिगेड 101.

3. बुलेटिनमधले शब्द

इथे सगळे गडबडतात आणि मीही गडबडायचे. गुजराती बातम्यांमध्ये सारखं ऐकाल "भारेथी अतिभारे वरसाद", आपल्याला वाटतं की ही बोलायची पद्धत आहे. तशी नाही, प्रत्येक शब्दामागे ठरलेला आकडा आहे, चोवीस तासांतल्या पावसाचा:

- मध्यम: 15.6 ते 64.4 मिलिमीटर
- भारी म्हणजे जोरदार: 64.5 ते 115.5
- अति जोरदार: 115.6 ते 204.4
- अत्यंत जोरदार: 204.4 च्या वर

इकडे सगळे इंचात बोलतात, "आज चार इंच पड्यो" असं भाजीवाला पण सांगेल, तर एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. डोक्यात असं ठेवा, अडीच इंचांपासून जोरदार, साडेचारपासून अति जोरदार, आठच्या वर अत्यंत जोरदार. बास.

आता दुसरा शब्द म्हणजे किती ठिकाणी. तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बऱ्याच ठिकाणी, बहुतेक सर्व ठिकाणी. हेसुद्धा मोजून असतं, त्या भागातल्या पाऊस मोजायच्या केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस झाला तर तुरळक, पन्नासपर्यंत काही, पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच आणि त्याच्या वर बहुतेक सर्व. त्यामुळे "तुरळक ठिकाणी अत्यंत जोरदार" असं वाचलं की लोक तुरळक हा शब्द धरून निवांत होतात, आणि तोच खरा काळजीचा इशारा असतो. याचा अर्थ एखाद-दुसऱ्या तालुक्यात आठ इंचांच्या वर पडू शकतो, तो तालुका कुठला ते आज सांगता येत नाही एवढंच. तो वाघोडिया निघाला तर?

तिसरी गोष्ट तारखेची. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. "मंगळवारचा" इशारा मंगळवारी सुरू झाला की बुधवारी सकाळी साडेआठपर्यंत लागू असतो. मी कित्येकदा मंगळवारी रात्री झोपताना म्हणायचे की चला गेला मंगळवार काही झालं नाही, आणि पहाटे चारला सुरू व्हायचा. पाऊस मोजतानाही तसंच, सकाळी साडेआठला संपणारे चोवीस तास. आणि उपग्रहाच्या चित्रावर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत लिहिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, नाहीतर आत्ताचा ढग तुम्हाला साडेपाच तास जुना वाटेल आणि तुम्ही निवांत बसाल.

अजून एक सापळा. हवामान खातं गुजरातचे दोन भाग धरतं, एक गुजरात विभाग, ज्यात अहमदाबाद, बडोदा, सुरत, वलसाडपर्यंत सगळं आलं, आणि दुसरा सौराष्ट्र-कच्छ. टीव्हीवर "गुजरातमां रेड अलर्ट" असं फिरत असतं तेव्हा ते द्वारका-जामनगरबद्दलही असू शकतं, आणि उलट सौराष्ट्रातलं चित्र दाखवून खाली बारीक पट्टीत आपल्या जिल्ह्याचं नाव पळत असतं. सांगली-कोल्हापूरहून आई-बाबांचे घाबरून फोन येतात ते याच्यामुळेच. तक्त्यात आपला जिल्हा शोधा, मग काय ते ठरवा.

4. रंग

हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना फक्त पावसाचा आकडा नाही बघत, त्याचा परिणाम किती होईल तेही बघतात. पावसाळ्यात पिवळा जवळजवळ रोज असतो त्यामुळे डोळे सरावतात, म्हणून मी एक केलंय, रंगापेक्षा रंग कुठल्या दिशेने बदलतोय ते बघते. सोमवारी बघितलं तेव्हा गुरुवार पिवळा होता, मंगळवारी बघितलं तर ऑरेंज झाला आणि शेजारी पंचमहालही ऑरेंज झाला, तर विषय गंभीर आहे. ऑरेंजचा पिवळा होत असेल तर पाऊस आणणारी सिस्टीम बाजूला सरकतेय.

5. सात दिवसांचा तक्ता रोज कसा वाचायचा

पाच ते सात दिवस लांबचं: यातून फक्त एवढंच कळतं की काहीतरी येतंय का. बुलेटिनमधला मजकूर वाचा, जिथे लिहिलेलं असतं की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार व्हायची शक्यता आहे. आपल्याकडचा मोठा पाऊस बऱ्याचदा तिथून निघतो, ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असा प्रवास करत. त्याची पायरीपायरीने नावं बदलतात, लो प्रेशर, मग ठळक लो प्रेशर, मग डिप्रेशन म्हणजे ताशी 31 ते 49 किलोमीटर वारे, मग डीप डिप्रेशन 50 ते 61, आणि 62 पासून चक्रीवादळ. साधारणपणे ही सिस्टीम जमिनीवर आली की विरत जाते. पण 2024 मध्ये काय झालं बघा, डीप डिप्रेशन मध्य प्रदेश-राजस्थानकडून गुजरातवर आलं, सौराष्ट्र-कच्छवर रेंगाळलं आणि 30 ऑगस्टला अरबी समुद्रात जाऊन त्याचं "अस्ना" चक्रीवादळ झालं, जमिनीवरून समुद्रात जाऊन वादळ होणं हे ऑगस्टमध्ये फार क्वचित होतं.

या लांबच्या दिवसांवर तिकिटं कॅन्सल करू नका. फक्त लक्षात ठेवा.

तीन-चार दिवस आधी: आता केंद्र कुठून जाणार ते बघायचं. पावसाळी डिप्रेशन पश्चिमेकडे सरकत असतं तेव्हा सगळ्यात जास्त पाऊस त्याच्या केंद्रावर पडत नाही, नैऋत्येकडच्या बाजूला पडतो. म्हणजे नकाशावर केंद्र पश्चिम मध्य प्रदेश किंवा दक्षिण राजस्थानात दिसत असेल तर "अरे ते लांब आहे" असं म्हणू नका, तेव्हा आपण बरोबर नैऋत्येला असतो. हे कळलं त्या दिवशी मला 2024 चा नकाशा परत काढून बघावासा वाटला, आणि बघितला, सगळं तसंच होतं. याच टप्प्यावर किराणा, औषधं, गॅस सिलिंडर, पॉवर बँक बघून घ्या. पाणी आल्यावर दुधाची पिशवी मिळत नाही, हे अनुभवाचं आहे.

दोन दिवस आणि एक दिवस आधी: आता तक्ता दिवसातून दोनदा बघा, सकाळी आणि संध्याकाळी, कारण तो अपडेट होत असतो. वडोदरा, पंचमहाल, छोटा उदेपूर यातले दोन जरी ऑरेंज असतील तर तळमजल्यावाल्यांनी स्टेप 8 ची तयारी त्याच संध्याकाळी करायची. गाडी बेसमेंटमध्ये किंवा खोलगट पार्किंगमध्ये असेल तर उंचावर नेऊन लावायची. आम्ही आता गाडी नणंदेकडे मांजलपूरला नेऊन ठेवतो, पूर आला नाही तर परत आणतो, त्यात काही कमीपणा नाही. उगाच नेली असं दोनदा झालं तरी चालेल.

6. त्या दिवशीचं: नाऊकास्ट, वीज आणि वळीव

नाऊकास्ट म्हणजे पुढच्या तीन तासांचा इशारा. तीन तास झाले की तो शिळा, नवीन बघायचा. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो बहुतेकदा शिळाच असतो, वेळ वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका आणि वेळच नसेल तर मुळीच नाही.

गडगडाटी वादळांचा सीझन वेगळा आहे हे नवीन लोकांना माहीत नसतं. ऑगस्टचा पूर आणि मे-जूनचं वादळ या दोन वेगळ्या गोष्टी. आपण ज्याला वळीव म्हणतो तो इथेही येतो, दिवसभर जमीन तापते, अरबी समुद्राकडून दमट हवा येते, वरच्या थरात एखादी सिस्टीम असते आणि दुपारी तीननंतर ढग फुलकोबीसारखे वर चढायला लागतात. सप्टेंबरअखेर पाऊस परतताना पुन्हा असंच होतं. यात पाऊस थोडा असेल, अर्धा इंच, पण ताशी 50-60 किलोमीटरचा वारा, होर्डिंग, झाडाच्या फांद्या, पत्रे आणि विजा. बुलेटिनमध्ये अशा दिवशी पावसाच्या आकड्याकडे बघू नका, "मेघगर्जनेसह सोसाट्याचा वारा ताशी 40-50, झोत 60" अशी ओळ शोधा.

याच्यावरून एक सांगते. मेमध्ये सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घातलेल्या, जुन्या पांढऱ्या साडीवर, अर्ध्या वाळलेल्या. साडेचारच्या सुमाराला एकदम ऊन गेलं, गार वारा सुटला, धुळीचा वास आला. त्या म्हणाल्या मी गोळा करून येते पटकन. मी दामिनी उघडलं तर आतल्या वर्तुळात, म्हणजे वीस किलोमीटरच्या आत, ठिपके पडायला लागले होते, वाघोडिया रोडच्या बाजूला. मी त्यांचा हात धरला, आई आता नका जाऊ म्हटलं. त्या चिडल्या, दोन किलो गव्हाचा चीक होता तो आणि तीन दिवस भिजवायला गेलेले. पाचेक मिनिटांत समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीपाशी वीज पडली, एवढा आवाज झाला की काचेचं कपाट थरथरलं. कुरडया गेल्या. त्यानंतर त्या स्वतःच विचारतात, दामिनी काय म्हणतीये, घालू का आज वाळवण.

विजेचे नियम थोडेच आहेत पण पाळायचे. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबूनच बाहेर पडा, लोक पाऊस थांबला की लगेच निघतात ती चूक आहे. झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली, बसस्टॉपच्या लोखंडी खांबाला टेकून उभं राहायचं नाही. मोकळ्या मैदानात सापडलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. काचा बंद केलेल्या कारमध्ये बसणं चालतं, टू-व्हीलरवर नाही. घरात असाल तर आंघोळ, भांडी, प्लगला लावलेला फोन हे सगळं तेवढा वेळ ठेवा बाजूला.

गणपती मंडळातल्या नव्या पोरांसाठी: मांडवाचा पत्रा आणि लायटिंगच्या वायरी हे बघायचं ते ऑरेंज आल्यावर नाही, तीन दिवस आधी पिवळा असतानाच. आपल्याकडे दांडिया बाजार, रावपुरा भागात मांडव दाटीने असतात, एकाचा पत्रा उडाला की दुसऱ्यावर जातो.

7. नदी आणि आजव्याचे आकडे

जोरदार पाऊस सुरू झाला की इकडे प्रत्येकाच्या तोंडी दोनच आकडे असतात, आजवा किती आणि काळाघोडा किती. नवीन माणसाला वाटतं आजवा 212 फूट आणि विश्वामित्री 20 फूट म्हणजे काय भानगड, दहापट फरक. आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा असतो आणि नदीचा आकडा काळाघोड्याजवळच्या पुलावरच्या पट्टीचा. दोघांची तुलना करायचीच नाही. प्रत्येकाचा आपापला कल बघायचा.

मी वहीत लिहिते, अगदी साधं, वेळ आणि फूट. दोन तासांत नदी किती वाढली? पाऊस थांबूनही नदी चढतेय का? चढत असेल तर वरून पाणी येतंय, म्हणजे झोपायचं नाही. आजवा भरत आलाय आणि पंचमहालचा नाऊकास्ट अजून लाल-ऑरेंज आहे, हे दोन्ही एकत्र दिसलं की नदी 26 ला जायची वाट बघू नका. राज्याच्या कंट्रोल रूमचे तालुकावार पावसाचे आकडे दर दोन तासांनी येतात, त्यात हालोल, वाघोडिया, सावली बघा.

लोक पुलावर नदी बघायला जातात, मुलांना घेऊन. नका जाऊ. नदीत मगरी आहेत, खूप आहेत, आणि पुरात त्या सोसायट्यांमध्ये येतात, 2024 ला कितीतरी ठिकाणांहून वनखात्याने आणि प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांनी पकडून नेल्या. गुडघाभर गढूळ पाण्यात काय आहे ते वरून दिसत नाही.

8. तयारीची पिशवी

एक जाड प्लॅस्टिकची झिपवाली फाइल. त्यात आधार, रेशन कार्ड, भाडेकरार, शाळा-कॉलेजची मार्कशीट, बँकेचं पासबुक, गाडीच्या आणि घराच्या विम्याची कागदपत्रं, लहान मूल असेल तर त्याचं लसीकरणाचं कार्ड. सगळ्याचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा. ओरिजिनल माळ्यावर ठेवा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात नाही, आमची लग्नाची पत्रिका आणि माझं एमकॉमचं सर्टिफिकेट खालच्याच कप्प्यात होतं.

बाकी सामान: टॉर्च, पॉवर बँक, पाच दिवसांची औषधं, प्यायचं पाणी भरलेले कॅन, पोहे-चुरमुरे-शेंगदाण्यासारखं न शिजवता खाता येईल असं, डेटॉल, दोर, शिट्टी, थोडी कॅश. लाइट गेली की यूपीआय चालत नाही, नेटवर्कही जातं. मोरी आणि कमोडमधून पाणी उलटं येऊ नये म्हणून वाळूच्या पिशव्या, वाळू नसेल तर गोणीत माती, त्याच्यावर जड पाटा.

गाडीच्या विम्याचं एक आत्ताच तपासा. थर्ड पार्टी असेल तर पुरात गेलेल्या गाडीचं काही मिळत नाही. फुल इन्शुरन्स असला तरी पाण्यात बुडालेली गाडी तुम्ही स्टार्ट केली आणि इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. आमच्या शेजारच्या भाऊंनी पाणी उतरल्यावर बघूया चालतेय का म्हणून एकदा किल्ली फिरवली, तेवढ्यात झालं.

9. पाणी चढायला लागलं की

मेन स्विच बंद, पाणी मीटरपर्यंत यायच्या आधी. गॅसचा रेग्युलेटर बंद. फ्रीज उचलता आला तर पलंगावर, नाही आला तर सोडा त्याला. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना उजेड असतानाच वरच्या मजल्यावर पाठवा, रात्री अंधारात ओल्या जिन्यावरून सासऱ्यांना नेताना आमचा जीव गेला होता. वरच्या मजल्यावरच्या घराशी आधीच बोलून ठेवा, आमच्या वर राहणाऱ्या पटेलबेन नसत्या तर काय केलं असतं कुणास ठाऊक, तीन दिवस आम्हाला सहा जणांना त्यांनी खिचडी-कढी घातली.

अलकापुरीच्या गरनाळ्यातून (गरनाळं म्हणजे रेल्वेखालचा रस्ता) किंवा कुठल्याही रेल्वेच्या गरनाळ्यातून पाण्यात गाडी घालायची नाही, पुढची गाडी गेली म्हणून आपली जाईल असं नसतं. ऑफिसला फोन करून सांगा की येत नाही. मकरपुराच्या कारखान्यांत शिफ्टला असाल तर सुपरवायझरला आदल्या रात्रीच मेसेज टाका, इशाऱ्याचा फोटो लावून.

10. उतरल्यावर

पहिल्यांदा फोटो, मग झाडू. भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेला फ्रीज, गाद्या, मीटर, प्रत्येकाचा फोटो तारीख-वेळेसकट. सर्व्हेवाले आणि विमावाले दोघंही तेच मागतात, आम्ही आधी घर धुऊन काढलं आणि मग दाखवायला काहीच नव्हतं. वायरमन येऊन बघेपर्यंत मेन स्विच लावू नका, पाण्याची मोटर तर नाहीच. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, ती पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडर टाकून मगच भरायची, तोपर्यंत पाणी उकळून. घरात शिरताना आधी काठीने पलंगाखाली, चपलांच्या स्टँडखाली, गॅलरीत बघा, साप कोरडी जागा शोधत येतात. साप किंवा मगर दिसली तर स्वतः काठी उचलायची नाही, दार लावून घ्या आणि वनखात्याला कळवा, प्राण्यांसाठी 1962 हा नंबर आहे.

आणि हे सगळं चालू असताना तक्ता बघायचा सोडू नका, कारण बंगालच्या उपसागरात एकामागून एक सिस्टीम तयार होत असतात, जमीन भिजलेली, आजवा भरलेला, अशा वेळी पुढचा चार इंचांचा पाऊसही पुरतो. आम्ही अजून गाद्या वाळत घालत होतो तेव्हा मी पुढचे सात दिवस बघून घेतले, पंचमहालच्या रांगेत शुक्रवार पिवळा होता, गाद्या माळ्यावरच चढवून ठेवल्या.